बंध आणि ओढ

वकिली हा धंदाच मुळी बंधांचा आहे. कोणी कोणास बांधून घेतले, कशापायी, किती मुदतीने, आणि बंध मोडला तर काय, या चार प्रश्नांपलीकडे आमची दुनिया सहसा जात नाही. भाडेपत्र, गहाणखत, जामीनपत्र, वाटपपत्र, जे जे मुद्रांकित कागदावर उतरते त्या सर्वांना आमचे अशील सरसकट 'बाँड' म्हणतात. आणि खरे सांगावयाचे तर असा कागद हाती आला की आम्हांलाही हायसे वाटते. कागद असला की माणसांवर भिस्त ठेवावी लागत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतणीने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्राचे पुस्तक आमच्यापुढे उघडून ठेवले, आणि प्रकरणाच्या मथळ्यातच 'बाँड' हा शब्द दिसला, तेव्हा परक्या गावी जुना अशील भेटावा तसा आम्हांस आनंद झाला.

आमच्याकडून तिची अपेक्षा माफक होती. तोंडी परीक्षा जवळ आली होती. पुस्तक आम्ही हाती धरावे, प्रश्न विचारावेत, आणि तिने उत्तरे द्यावीत. "काका, तुम्हांला विषय यायची गरज नाही. उलटतपासणी तेवढी घ्या," ती म्हणाली. उलटतपासणीला विषय यावा लागत नाही, हे गुपित वकिलाच्या घरातल्या मुलीला ठाऊक असावे यात नवल नाही. आमच्या घरी बोलणे कोंकणीत, तिचे पुस्तक इंग्रजीत आणि आमचे हे लिहिणे मराठीत. दोन उंबरठे ओलांडताना तिच्या उत्तरांतला काही रस सांडला असेल तर तो दोष आमचा. ती येई मागच्या परसातून, ओली पावले पुशीत. तिचे घर, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे घर, आमच्या भिंतीला लागूनच आहे; परंतु पुढच्या दाराने यायचे तर गल्लीला वळसा घालावा लागतो. असे का, ते ओघात येईलच.

पहिल्या संध्याकाळी आमची कामगिरी बरी झाली. सोडियमच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि क्लोरीनच्या कक्षेत सात. आठांचा संच पुरा व्हावा म्हणून सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, आणि दोघे विरुद्ध विद्युत्भारांनी एकमेकांस धरून राहतात, असे तिने सांगितले. "हे तर सरळ विक्रीखत!" आम्ही उद्गारलो. हायड्रोजनचे दोन अणू मात्र काहीच देऊन टाकीत नाहीत. दोघांचे दोन इलेक्ट्रॉन दोघांच्या मालकीचे होतात. हा प्रकार आम्हां गोवेकर वकिलांना शिकवावा लागत नाही. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर आमच्या कायद्याने पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. पाण्याच्या रेणूतही अशीच भागीदारी असते, पण तेथे ऑक्सिजन जोडीतले इलेक्ट्रॉन आपल्याकडे अधिक ओढून घेतो. नाव दोघांचे आणि कब्जा एकाचा! असे दावे आम्ही किती चालविले याची गणती नाही. वाल्थर कॉसेल यांनी देवघेवीची आणि गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी भागीदारीची कल्पना एकाच वर्षी, 1916 साली, मांडली. दोघांपैकी कोणीही कायद्याचा पदवीधर नव्हता, याचे आम्हांस थोडे वाईट वाटले.

परंतु उलटतपासणीत साक्षीदाराला फार खुश होऊ देऊ नये आणि स्वतःही होऊ नये, हे आम्ही विसरलो. "काका, विक्रीखताला देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष लागतात ना? मग मिठाच्या खड्यात कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, ते सांगा पाहू," तिने विचारले. आम्हांला सांगता येईना. कारण ते कोणालाच सांगता येत नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना 1913 साली उलगडली तेव्हा असे दिसले की, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम बसलेले आहेत. जोडपे म्हणून तेथे कोणी नाहीच. सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू त्या खड्यात शोधूनही सापडणार नाही. आहे ती चहूबाजूंनी सारखी असलेली ओढ. पेडण्यातल्या अगरवाड्याच्या मिठागरांत शुभ्र राशी पाहताना हा विचार आमच्या मनास कधी शिवला नव्हता.

खरी फजिती दुसऱ्या संध्याकाळी झाली. पुस्तकात प्रश्न होता: उकळत्या पाण्यातून जे बुडबुडे वर येतात, त्यांत काय असते? ती क्षणभर थांबली. ती अडली असे समजून आम्ही काकाच्या मायेने मदतीस धावलो. "अगं, उष्णतेने बंध तुटतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात." ती इतकी हसली की स्वयंपाकघरातून आमची सौभाग्यवती बाहेर आली. "काका, तसे असते तर न्हाणीघरातल्या भाणाखाली आपण रोज सकाळी जाळ घालतो, त्या जाळाने हा वायू पेटून छप्पर उडाले असते!"

मग तिने आम्हांला आकडे सांगितले, आणि ते आकडे आमच्या मनातून अजून गेलेले नाहीत. अठरा ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम चार लहान चमचे, शंभर अंशांवर उकळून त्याची पूर्ण वाफ करावयाची तर सुमारे 41 किलोजूल उष्णता लागते. तेवढ्याच पाण्याच्या वाफेतील प्रत्येक रेणू फोडून हायड्रोजन व ऑक्सिजनचे अणू वेगवेगळे करावयाचे तर सुमारे 925 किलोजूल लागतात. बाविसांहून अधिक पटींचे अंतर! भाणाखालचा जाळ रेणूच्या घरात शिरतच नाही. घरातली तिन्ही माणसे, दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, जशीच्या तशी एकमेकांस धरून असतात. जाळ तोडतो ते घराघरांमधले काहीतरी. आणि ते तुटले की तेच पाणी, एकही बंध न गमावता, वाफ होऊन निघून जाते.

हे 'काहीतरी' म्हणजे काय, असे आम्ही विचारले. आणि या खेपेस ती उलटतपासणी नव्हती. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची किंचित धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे कलतो. याला हायड्रोजन बंध असे नाव आहे. नाव बंधाचे असले तरी बळ खऱ्या बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्शाचे. शिवाय तो टिकतही नाही. द्रव पाण्यात असा एखादा धागा सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आसपास राहतो, तुटतो, आणि रेणू दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळतो. पण एवढ्या कच्च्या धाग्यांचा प्रताप पाहा. ऑक्सिजनच्याच कुळातल्या गंधकापासून झालेला हायड्रोजन सल्फाइड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. पण त्याच्या रेणूंत ही शेजारओढ फार क्षीण, म्हणून तो उणे साठ अंशांवरच उकळून वायू होतो. पाणी शंभर अंशांपर्यंत दम धरते ते या ओढीमुळे. ती नसती तर आपल्या हवामानात मांडवी नव्हती, जुवारी नव्हती, आणि पावसाळाही नव्हता.

आमच्यासारख्या माणसाचे समाधान व्याख्येवाचून होत नाही. ती विचारली तेव्हा एक गमतीची हकीकत कळली. लॅटिमर आणि रोडबुश या दोघांनी ही कल्पना 1920 साली पाण्याच्या संदर्भात स्पष्टपणे मांडली. पण रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आजची अधिकृत व्याख्या प्रसिद्ध केली ती 2011 साली, आणि ती ठरविणाऱ्या गटाचे प्रमुख होते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक ई. अरुणन. नव्वद वर्षांवर काळ लोटला! त्या व्याख्येत, बंध झाल्याचा पुरावा असला पाहिजे, अशी अटही आहे. ती ऐकून आम्ही मनोमन त्या विद्वानांस नमस्कार केला. जोरकस नात्याची व्याख्या चार ओळींत होते. हलक्या नात्याची करावयास जन्म जातो.

आता ओघात येईल म्हटले होते ते सांगावयास हवे. वडील गेल्यावर 2013 साली आम्हां दोघां भावांत घराची वाटणी झाली. भांडण नव्हते. दोघांचे संसार वाढले होते एवढेच. वाटपपत्राचा मसुदा आम्ही स्वतः केला आणि त्याचा आम्हांस अभिमान होता. माड मोजून त्यांना क्रमांक दिले. विहिरीचे पाणी, कुळागराची वाट, देवघरातली भांडी, एक वर्षाआड येणारा गणपती, काही म्हणून सुटले नाही. चौघांच्या सह्या झाल्या आणि राजांगणातून भिंत उभी राहिली. तेव्हापासून त्या दस्तावरून एक शब्दाचाही वाद निघालेला नाही. वाटणीसाठी येणाऱ्या अशिलांना आम्ही तो नमुना म्हणून दाखवीत असू.

पण त्या रात्री पुतणी परसातून परत गेल्यावर आम्ही तो दस्त कपाटातून काढून पुन्हा वाचला, तेव्हा प्रथमच त्यातली उणीव दिसली. भिंतीपूर्वी सकाळचे वर्तमानपत्र राजांगणात दोघे वाचीत होतो; दादा मधले पान काढून घेत आणि आम्ही कुरकुरत असू. भाणातले गरम पाणी, जो आधी उठेल त्याचे. मीठ संपले तर वहिनींच्या बरणीतून, आणि त्यांचा गूळ संपला तर आमच्या डब्यातून. यांपैकी एकही गोष्ट हक्क नव्हती. म्हणून एकीलाही कलम मिळाले नाही. आणि यांपैकी एकही गोष्ट उरली नाही. आम्ही भाऊ होतो ते भाऊच राहिलो. सुतक, सोयर, वारसा, आडनाव, सगळे बंध शाबूत होते. रेणू फुटला नव्हता. फक्त पाण्याची वाफ झाली होती. आणि वाफ होताना आवाज होत नाही. म्हणून वर्षे लोटली तरी आम्ही त्यालाच शांतता समजत होतो.

तिसऱ्या संध्याकाळी व्हान डर वाल्स यांचे नाव निघाले. 1873 साली लिहिलेल्या आपल्या प्रबंधात या डच पदार्थवैज्ञानिकाने वायूंच्या वागण्याचा हिशेब मांडताना, रेणूरेणूंत ओढ असते, हे गृहीत धरले. धन-ऋण बाजू नसलेल्या रेणूंतही ती कशी येते, याचा उलगडा फ्रिट्झ लंडन यांनी 1930 साली केला. इलेक्ट्रॉन कधी स्थिर नसतात. एका रेणूत ते क्षणमात्र एका बाजूस झुकले की शेजारच्या रेणूतले त्यांच्या चालीने सरकतात, आणि त्या क्षणापुरती दोघांत ओढ निर्माण होते. ही सर्वांत दुबळी ओढ. पण तिला कोणी वर्ज्य नाही. ज्याचा कोणाशीच बंध जुळत नाही त्या हेलियमलाही ती चुकलेली नाही.

तिचा पुरावा आमच्या फडताळातच होता. डिसेंबरातल्या एखाद्या गार पहाटे खोबरेल बाटलीत गोठून बसते आणि शेजारचे शेंगदाण्याचे तेल वाहतेच राहते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात. त्या एकमेकींस अंगभर चिकटून नीट रचून बसतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या पुष्कळशा साखळ्यांना मध्येच बाक असतो; दोन कोपरे मध्ये आले की जवळ बसता येत नाही. ओढीचे बळ तेच, फरक फक्त किती जवळ बसता येते याचा.

दुसरा पुरावा आमच्या समोर भिंतीवर होता. राजांगणातल्या त्या भिंतीवरून एक पाल सरसर चढली आणि पलीकडे दादांच्या बाजूस उतरली. तिच्या पायाला गोंद नसतो. टोके नावाच्या मोठ्या पालीवर प्रयोग झाले तेव्हा तिच्या एकेका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस आढळले. प्रत्येकाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे. पाल भिंतीला धरते ती मुख्यतः व्हान डर वाल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ओढीने, असे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. एका फाट्याची ओढ नगण्य. सर्वांची मिळून अंगाचे ओझे पेलते. आणि पाऊल उचलावयाचे तर बोटे किंचित वळविली की पुरे. वाटपपत्रात आम्ही जिला दुर्लंघ्य म्हणून उंच बांधविली, त्या भिंतीवरून हा जीव दिवसातून दहादा जात-येत होता.

दुबळेपणा हा दोषच असतो असेही नाही, हे तिने शेवटी सांगितले. आपल्या देहातली वंशाची लिपी ज्या दुहेरी शिडीवर लिहिलेली आहे, तिची रचना 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. त्या शिडीचे दोन उभे दांडे पक्क्या बंधांचे आहेत. पण दोन्ही दांड्यांना जोडणाऱ्या पायऱ्या हायड्रोजन बंधांच्या, कोठे दोन, कोठे तीन. पायऱ्या पक्क्या असत्या तर शिडी मधोमध उलगडली नसती, आणि उलगडली नसती तर तिची नक्कल होऊन पुढच्या पिढीस मिळाली नसती. जे टिकावयाचे ते बंधाने, आणि जे उघडावयाचे व पुन्हा मिटावयाचे ते ओढीने.

रेणूंना मन नसते, आणि भावाभावांना उत्कलनबिंदू नसतो, याची आम्हांस जाणीव आहे. दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे, हे तर आम्ही न्यायालयात दुसऱ्या पक्षाला वारंवार बजावीत असतो. मिठाच्या खड्याने आमचे विक्रीखत एकदा फाडलेच होते. तरीही माणसाला आपली चूक दिसावयास कोठून तरी उजेड यावा लागतो. आमच्या बाबतीत तो पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातून आला, एवढे नमूद केले पाहिजे.

गणपती यंदा आमच्याकडे होता. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आरतीची तयारी करताना कापराची डबी उघडली तो ती रिकामी. झाकण घट्ट नसावे. "कोणी संपविला हा कापूर?" आम्ही विचारले. पुतणी माटोळीला फळे बांधीत होती. तेथूनच म्हणाली, "संपविला कोणी नाही, काका. उडाला." मग तिने जाता जाता जे सांगितले ते तिच्या परीक्षेत विचारले होते की नाही, कोण जाणे. कापूर उडतो तेव्हा त्याच्या रेणूंमधली ओढ तेवढी सुटते. हवेत जो वास येतो तो अख्ख्या, न मोडलेल्या कापराचाच असतो. कापूर जळतो तेव्हा मात्र बंध तुटतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. मग तेथे कापूर नसतो. उडालेला कापूर गार झाकणाखाली पुन्हा जमविता येतो. जळलेला येत नाही.

दुकान गल्लीच्या तोंडाशीच होते. परसातली वाटही उघडी होती. आम्ही मात्र पायात चपला घातल्या, छत्री घेतली, आणि गल्लीला वळसा घालून दादांच्या पुढच्या दाराने गेलो. दादा सोप्यावर वर्तमानपत्र वाचीत होते. आम्हांला पाहून त्यांनी चष्मा काढला. "यो, बस," ते म्हणाले. आणि मधले पान काढून आमच्या हाती दिले. कापूर मागावयास आलो आहोत हे सांगावयास आम्हांस बराच वेळ लागला. चहा झाला, मग दुसरा चहा झाला. निघताना वहिनींनी कापराच्या वड्या कागदात बांधल्या आणि आत चार मिरी टाकली. मिरी घातली की कापूर उडत नाही म्हणाल्या. पुतणीला विचारले तर तिच्या पुस्तकात हे नाही.

तो कापूर परत करावयाचा आहे. आयुष्यभर अशिलांना आम्ही सांगत आलो की हिशेब चोख ठेवा, देणे तुंबवू नका. पण हे एक देणे आम्ही मुद्दाम थोडे बाकी ठेवले आहे. काल दादांचा निरोप आला की त्यांच्याकडचा गूळ संपला आहे.